दुधाकडे कोण बघतंय?

गेल्या महिन्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका सभागृहात व्याख्यान ऐकायला गेले होते. विषय होता घरकामातून ध्यानधारणा. साठेक बायका, पाच-सहा पुरुष. वक्ते पुरुषच. आवाज गोड, बोलण्याची ढबही छान. त्यांनी सांगितलं, भांडी घासताना फक्त भांडी घासा, पोळी लाटताना फक्त पोळी लाटा, मन इकडेतिकडे जाऊ देऊ नका, मग बघा, घरकामासारखं समाधान दुसऱ्या कशात नाही. टाळ्या पडल्या. मग चहा झाला. चहा झाल्यावर वक्ते आणि ते पाच-सहा पुरुष आपापले कप खुर्च्यांवर ठेवून बाहेर पडले, आणि बायकांनी ते उचलले. एकीनेही कुणाला काही म्हटलं नाही. मीही नाही. दोन्ही हातांत कप धरून मी मोरीकडे गेले, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

आधी एक गोष्ट कबूल करते. वक्ते म्हणाले ते खोटं नव्हतं.

आमच्या घरी सासूबाईंची एक पितळी परात आहे. एका बाजूला पोचा आलेली. तो पोचा माझ्या लग्नाच्या आधीचा. रात्रीची जेवणं उरकली की सगळ्या भांड्यांत ती मी शेवटी घेते. कणकेचे वाळलेले पापुद्रे आधी भिजू द्यायचे आणि बोटाच्या पेराने सोडवायचे. नखाने खरवडलं तर पितळेवर रेघ उठते. मग घासणी गोल गोल, काठाकडून आत. पोच्यापाशी हात आपोआप हळू होतो, कारण तिथे घासणी नीट बसत नाही, तिथे अंगठाच घालावा लागतो. धुऊन झालं की ओलं बोट काठावरून फिरवायचं. ओशटपणा राहिला असेल तर बोट मुकाट्याने घसरतं. परात खरंच निघाली असेल तर बोटाखाली ‘कर्र’ असं वाजतं. तो आवाज आला की माझ्या खांद्यांवरून सगळा दिवस उतरतो. दिवसभरात सुरू होऊन पूर्ण संपलेलं, डोळ्यांना दिसणारं आणि बोटांना कळणारं असं तेवढं एकच काम असतं.

सासूबाई ही परात राखेने घासत. नारळाची शेंडी इकडे सहज कुठून मिळणार, म्हणून मुंज गवताचा जूना, म्हणजे घासणी. पुण्याच्या पाहुण्या बायकांना ‘जूना द्या’ म्हटलं की त्या जुनं काय द्यायचं म्हणून बघत बसत. सासूबाईंच्या हातचं पितळ मी बघितलेलं आहे. मला अजून तसं जमत नाही.

तर समाधान आहे. पण हे मी कधी मोठ्याने बोलत नाही. घरातल्या बाईने एकदा म्हटलं, की मला भांडी घासायला आवडतं, की घरातली सगळी भांडी कायमची तिच्या नावावर चढतात. ‘तिला आवडतंच ते.’ हे वाक्य मी किती घरांत ऐकलं असेल, त्याला गणती नाही. दर वेळी ते बोलणारा माणूस बसलेला होता.

आणि त्या परातीचं समाधान मला मिळतं कधी? रात्री साडेदहाला. दूध तापवून झालेलं असतं, विरजण लावलेलं असतं, दाराची घंटा वाजणार नसते. सकाळी सात वाजता परात तीच, ओटा तोच, मीही तीच. समाधान मात्र नसतं. कारण सकाळी मी परात धुतच नसते. एक डोळा दुधावर, एक कान कुकरच्या शिट्टीवर, तव्यावर पोळी, आणि नळ जायच्या आत टाकी भरायची. आमच्याकडे उन्हाळ्यात तिघ्रा धरणाचं पाणी खाली गेलं की नळ एक दिवसाआड येतो. पाणी आलं की गल्लीभर टुल्लू पंपांची घरघर सुरू होते, आणि ती थांबायच्या आत बादल्या, पिंप, कूलरची टाकी, सगळं भरून घ्यायचं. पारा पंचेचाळीसच्या वर असताना कूलर कोरडा राहिला तर दुपारी घरात बसवत नाही. या सगळ्याच्या फटीत परात कशीबशी धुऊन निघते.

एका वेळी एकच काम करा, हा उपदेश ज्याच्या बाकीच्या कामांकडे दुसरं कुणीतरी बघतंय त्यालाच पाळता येतो. व्याख्यानात हे कुणी सांगत नाही. डोळे मिटून बसलेल्या प्रत्येक माणसाच्या मागे, स्वयंपाकघरात, कुणीतरी डोळे उघडे ठेवून दुधाकडे बघत असतं. ते बघणारं माणूस उठलं की ध्यान संपलं. मन एकाग्र करायला एकांत लागतो, निदान वीस मिनिटांचं अखंड लक्ष लागतं, आणि ते आपोआप उगवत नाही. घरातलं दुसरं कुणीतरी आपल्या वाट्याची वीस मिनिटं खर्च करून ते देतं.

२०१९ साली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर पाहणी केली, कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतो याची. घरच्यांसाठी केलेल्या बिनपगारी कामात, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी यांत, ८१ टक्के बायका सापडल्या आणि २६ टक्के पुरुष. ते काम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं, ते काम करणाऱ्या पुरुषाची ९७. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याहत्तर पुरुषांनी त्या दिवशी घरच्या कामाला हात लावलेला नव्हता. मला विचाराल तर घरकामाच्या समाधानावरचं व्याख्यान या चौऱ्याहत्तर जणांसाठी ठेवायला हवं. समाधान एवढं मोठं आहे, तर ज्यांना ते आयुष्यात एकदाही मिळालेलं नाही त्यांना आधी बोलवा. आम्हा साठ जणींना का बोलावलंत? आम्ही पाच तास करून आलो होतो.

या विषयात जनाबाईचं नाव हटकून निघतं. त्या व्याख्यानातही निघालं. गंगाखेडची जनी, नामदेवाच्या घरची दासी, दळताकांडताना विठ्ठलाचं नाव घेत होती, तिच्याकडून समाधान शिका. मला दर वेळी वाटतं, ही माणसं जनीचे अभंग नीट ऐकत का नाहीत? त्या अभंगांत विठ्ठल येतो तो उपदेश करायला येत नाही. तो येतो आणि जात्याला हात लावतो. केर भरतो, पाणी वाहतो, शेण्या वेचतो. जनी, तू दळणात आनंद मान, असं तो तिला सांगत नाही. तिच्या समोर बसून खुंटा धरतो. जातं हे मुळात दोघींनी समोरासमोर बसून ओढायचं साधन. एकटीने ओढलं की छाती भरून येते, दोघींनी ओढलं की गळा मोकळा होतो. ओव्या तिथून आल्या. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत देव आहे, माहेर आहे, भाऊ आहे, लेकरू आहे, आणि सासरचा जाच आहे, पाठीचं दुखणं आहे, नवऱ्याचा मार आहे. त्या बायका जात्यावर सुखात होत्या असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी या ओव्या आधी ऐकाव्यात. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जात्यासाठी कुणी रडलं नाही. ओव्या थांबल्या याचं वाईट मलाही वाटतं. पण म्हणून मी कुणाला पहाटे तीनला उठून दळ म्हणणार नाही.

ज्यांनी हा भांडी घासण्याचा विचार जगभर नेला ते व्हिएतनामचे भिक्षू तिक न्यात हान. त्यांचं ‘द मिरॅकल ऑफ माइंडफुलनेस’ हे पुस्तक मुळात एक पत्र होतं. युद्धात होरपळणाऱ्या व्हिएतनाममध्ये लोकांसाठी राबणाऱ्या एका सहकाऱ्याला १९७४ साली लिहिलेलं. थकलेल्या माणसाने थकलेल्या माणसाला लिहिलेलं पत्र आहे ते. त्यात भांड्यांवर जो मजकूर आहे, त्यात ते स्वतः नवशिके भिक्षू असतानाची आठवण सांगतात. वर्षावासात मठात शंभरावर भिक्षू जमत आणि त्या सगळ्यांचा स्वयंपाक आणि भांडी दोन नवशिक्यांवर असत. साबण नाही. राख, भाताचा कोंडा आणि नारळाच्या शेंड्या. सासूबाईंची राख मला तिथे भेटली आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. या माणसाला भांड्यांवर बोलायचा अधिकार आहे. त्यांनी शंभर जणांची भांडी घासली होती, आणि ते काम सुखाचं नव्हतं हेही त्यांनी लपवलेलं नाही. आमच्या वक्त्यांनी त्यांचं नाव घेतलं, राखेचं मात्र काही सांगितलं नाही.

राख अशी इतरत्रही गाळली जाते. आमच्या गावात बघण्यासारखं पुष्कळ आहे, आणि पाहुणे आले की ते सगळं दाखवणं हेही घरच्या बाईकडेच असतं. जयविलास महाल मी निदान पंधरा वेळा पाहिला असेल. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली बांधलेला. दरबार हॉलमध्ये दोन प्रचंड झुंबरं आहेत, प्रत्येकाचं वजन साडेतीन टन सांगतात. ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट ऐकल्याशिवाय कुणी तिथून बाहेर पडत नाही. मग जेवणघरातली चांदीची आगगाडी, टेबलावरच्या रुळांवरून पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेणारी. सगळे तोंडात बोटं घालतात. मी नेलेल्या इतक्या पाहुण्यांत इंदूरच्या आमच्या आतेसासूबाईच एकट्या अशा, ज्या झुंबराखाली मान वर करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, यांची धूळ कोण काढतं?” आमच्या गावची धूळ त्यांना माहीत होती. मे महिन्यात संध्याकाळी आभाळ पिवळं होतं, आंधी येते, खिडक्या लावेपर्यंत दातांखाली रेती कचकच करते. त्या महालात इतकी काच, इतकी चांदी दीडशे वर्षं कुणाच्या ना कुणाच्या हातांनी उजळत आलेली आहे. हत्तींची गोष्ट उरली, फडकं धरणाऱ्यांची एकही उरली नाही.

म्हणून मला चतुर्भुज मंदिर फार आवडतं. ग्वाल्हेर दरवाज्यातून किल्ल्याची चढण लागते, तिच्या वाटेवर एकाच खडकात कोरलेलं छोटंसं देऊळ. गणिताची माणसं तिथे लांबून येतात, कारण इसवी सन ८७६ च्या तिथल्या शिलालेखात शून्य आहे, आज आपण लिहितो तसं गोल. २७० या आकड्यात एक, ५० या आकड्यात एक. शून्याचा फोटो काढून लोक खाली उतरतात. पण तो लेख शून्याबद्दल नाहीच. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि देवाला रोज ५० हार, याचा तो हिशेब आहे. रोज पन्नास! म्हणजे कुणीतरी पहाटे दवात फुलं खुडली, कुणी ओवली, कुणी ती चढवली. संध्याकाळी सगळी कोमेजली, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा पन्नास. घरकामही अगदी असंच आहे. संध्याकाळपर्यंत काही उरत नाही. केलेलं दिसत नाही, न केलेलं तेवढं दिसतं. पण त्या माणसांनी ते काम मोजलं, दगडावर कोरलं, आणि त्याच दगडावर त्यासाठीची बागही लिहून ठेवली. नुसतं रोज हार करा आणि त्यात आनंद माना, असं म्हणून ते घरी गेले नाहीत.

गाण्याच्या बाबतीत ग्वाल्हेरला हे कळतं. १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी इथे गाण्याची शाळा काढली, तेव्हापासून किती पोरं एकेक पलटा महिनोन् महिने घोटत आली असतील. त्याला आपण रियाज म्हणतो, आणि रियाज चालू असताना त्या खोलीत कुणी हाक मारत नाही. ओट्यापाशी तेच रोज घोटलं जातं, तर त्याला आपण ‘रोजचंच’ म्हणतो, आणि हाक कधीही मारतो. मला ओट्यापाशी तेवढी वीस मिनिटं हवीत. कुणी हाक मारायची नाही.

आमच्याकडे पोछा आणि कपडे करायला बाई येते. चार घरं करून पाचवं माझं. व्याख्यानाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, की हे काम करताना तुला कधी बरं वाटतं का. विचारायला नको होतं. ती पिळा घट्ट करत म्हणाली, “भाभी, यही काम हमें घर जाके फिर करना है.” मग थोड्या वेळाने, जाता जाता, दारातून: “अपना आँगन धोती हूँ ना, तब अच्छा लगता है.” मी त्यावर काही बोलले नाही. महिन्याला दोन सुट्ट्या देत होते, आता आठवड्याला एक देते. एवढंच माझ्या हातात होतं, आणि ते मी आधीच करायला हवं होतं.

आमचे हे निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. रोज सकाळी साडेसहाला चटईवर बसतात, अर्धा तास श्वासाकडे लक्ष देतात. मनापासून करतात, आणि त्याचा त्यांना उपयोग झालाय, रक्तदाब खाली आलाय. व्याख्यानाच्या रात्री मी त्यांना सगळं सांगितलं, खुर्च्यांवरच्या कपांसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “मग मी काय करू, सांग.”

“सकाळी दुधाकडे बघा,” मी म्हटलं. “तेवढा वेळ दुसरं काही करायचं नाही. पेपर नाही, फोन नाही. दूध वर येईपर्यंत नुसतं बघायचं.”

पहिल्या दिवशी उतू गेलं. दाराशी कुणी आलं म्हणून हे गेले, आणि गॅसच्या शेगडीवर सगळं करपलं. शेगडी यांनीच घासली. करपलेलं दूध निघायला किती वेळ लागतो हे त्यांना पासष्टाव्या वर्षी कळलं. दुसऱ्या दिवशी जागचे हलले नाहीत. आठवड्याने मला सांगायला लागले, की आधी कडेकडेने बारीक बुडबुडे येतात, मग साय मधोमध फुगते, मग क्षणभर सगळं थांबल्यासारखं होतं, आणि मग एकदम येतं. त्या थांबण्याच्या क्षणी आच कमी केली की दूध पातेल्यातच राहतं. चाळीस वर्षं मी हे करत आलेय, पण ते थांबणं मला कधी दिसलं नव्हतं. मला तिथे उभं राहायला मिळालंच कुठे होतं?

परवा आंधी येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. चौकाच्या फरशा दगडी, पाणी पिणाऱ्या. त्यांच्यावर रेतीचा पातळ थर होता, आणि तो हे झाडणार होते, दूध झाल्यावर. नळ आला होता, टाकी भरत होती, आणि त्या नळाकडेही हेच बघणार होते. रात्री पाहुणे होते म्हणून परात तशीच राहिली होती. मी ती भिजत घातली. पापुद्रे सुटले. घासणी गोल गोल फिरवली, पोच्यापाशी अंगठा घातला, धुतली. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. पाठीमागे हे पातेल्यावर वाकून उभे होते. मी ओलं बोट काठावरून फिरवलं.

“कसला गं आवाज?” हे म्हणाले, दुधावरची नजर न काढता.